घाटाची तिसरी पायरी

अन्वी आणि कबीर,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक फोटो दाखवलात. हिरवं पाणी, मधोमध बंद पडलेलं कारंजं, काठाशी पोट वर करून तरंगणारे मासे आणि रेलिंगला टांगलेला एक पुठ्ठा. त्यावर कोणीतरी खडूनं लिहिलं होतं, "करोड़ों का पानी है, नाक बंद करके देखें."

"आजी, हे तुझ्या जबलपूरचं आहे ना?" अन्वीनं विचारलं.

"तू तर पाणीच चेक करायचीस," कबीर म्हणाला. "मग हे कोणी केलं?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज तुटत नव्हता. तुमच्या आजोबांनी पेपरमधून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणारी सुनीता घरी आली. म्हणाली, "काकू, नोकरीतले अनुभव लिहा. थोडे गमतीचे असू द्या, नाहीतर लोक सरळ पाककृतींच्या पानावर जातात." तिच्यासाठी थोडी गंमत घातली आहे. बाकीचं सगळं कबीरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्हाला मराठी समजतं, वाचताना मात्र अडखळायला होतं, म्हणून वाक्यं लहान ठेवते. अडलं तर आईला विचारा.

मी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. शेवटची काही वर्षं तिची प्रभारी होते. नाव मोठं असलं तरी जागा म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज, ओळीनं मांडलेल्या काचेच्या बाटल्या आणि कायम गळणारा एक नळ. पाण्याच्या प्रयोगशाळेतला नळ गळतो यावर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसानं तोच विनोद केला आणि मी प्रत्येक वेळी हसले.

कामाचे दोन भाग होते. बाहेर जाऊन पाण्याचा नमुना आणायचा आणि आत बसून तो तपासायचा. लोकांना वाटतं, कौशल्य आतल्या भागात असतं. तसं नाही. आतलं काम पुस्तकात दिलेलं असतं, शिस्तीचा माणूस ते शिकतो. खरी परीक्षा बाहेर असते. बाटली कशी धुतली, पाणी कुठून भरलं, किती खोलवरून, किती वाजता, हे चुकलं तर आत कितीही काटेकोर आकडा काढा, तो दुसऱ्याच कुठल्यातरी पाण्याचा असतो. माझ्याकडे नवीन मुली कामाला लागल्या की पहिले आठ दिवस मी त्यांना फक्त बाटल्या भरायला लावायची. त्या माझ्या पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणत. मला ते आवडायचं.

पाणी घेऊन येणारी माणसंही एकेक होती. एक आजीबाई दोन बाटल्या घेऊन आल्या. एक त्यांच्या स्वयंपाकघरातली, दुसरी वेगळी चूल मांडलेल्या सुनेकडची. "हमारा अच्छा निकलना चाहिए," असं आधीच सांगून ठेवलं. दोन्ही पाणी एकाच नळाचं होतं. अहवाल सारखाच आला, तेव्हा म्हणाल्या, "बहू ने तुमको भी कुछ खिला दिया क्या?"

आणि सराफ्यातले एक सोनीजी. यांची गोष्ट नीट सांगते, कारण पुढे लागणार आहे.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. हे गृहस्थ खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत पाणी घेऊन आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, "मैडम, पड़ोसी हमारे पानी में ज़हर मिला रहा है. लिख के दीजिए, हम थाने जाएँगे." बाटलीला मुंग्या लागल्या होत्या. ती धुतलीच नव्हती, तळाशी औषधाचा गोड पाक तसाच होता. मी म्हटलं, चला, मी स्वतः येते. सराफ्याच्या गल्लीत त्यांचं दुकान पुढे आणि दागिने धुण्याचं कारखान्यासारखं काम मागे. सोनं उजळायला तेजाब लागतं. वापरलेलं तेजाब मागच्या मोरीत ओतायचे. त्याच मोरीतून पिण्याच्या पाण्याचा लोखंडी पाइप जात होता आणि तेजाबानं त्याची चाळण झाली होती. सोनीजींच्या पाण्यात विष कालवणारा माणूस सोनीजीच होते.

अहवाल लिहायला घेतला तेव्हा ते एकदम मऊ झाले. "दीदी, आप सिर्फ़ दुकान का नाम लिख दो. पीछे का नल, मोरी, ये सब क्या लिखना?"

मी लिहिलं. "दुकानाच्या मागील बाजूचा नळ, दागिने धुण्याच्या मोरीपासून एक हात." तेव्हा आमच्या छापील फॉर्मवर ठिकाणासाठी अर्धीच ओळ होती. मी साहेबांच्या मागे लागून नवीन फॉर्म छापून घेतले. त्यात मोठा रकाना होता, "नमूने का ठीक स्थान". ठीक म्हणजे नेमकं. पुढे माझी सगळी नोकरी त्या रकान्याच्या अभिमानावर गेली. बाकीचे कर्मचारी लिहायचे, हातपंप, अमुक वस्ती. मी लिहायची, हातपंप, अमुक वस्ती, शाळेच्या फाटकासमोर, उजवीकडचा, दांडा तुटलेला. आजोबा म्हणायचे, "तू लग्नाच्या याद्यांतही असंच लिहून राहिली. मामा, थोरले, टक्कल असलेले."

आता तळं.

मदन महालच्या टेकडीच्या उतारावरचं पावसाचं पाणी जिथं येऊन थांबतं, तिथं एक तळं आहे. कजलीताल. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी इथल्या बायका टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब, म्हणजे कजलिया, तिथं धुवायला नेतात, त्यावरून ते नाव. तुमची आई लहानपणी शेजारच्या कुंदाताईंचा हात धरून ते पाहायला जायची. आणि त्या तळ्यात शिंगाडे व्हायचे. शिंगाडा पाण्यावर पसरणाऱ्या वेलीला लागतो. वेल वर तरंगते, पण तिची मुळं तळच्या चिखलात धरलेली असतात. फूलबाईच्या घराण्याकडे तिच्या सासऱ्याच्या आधीपासून हे काम होतं. दरवर्षी तळ्याचा पट्टा, म्हणजे शिंगाडे लावायचा ठेका, मिळायचा, पावसाच्या तोंडाशी वेल लावायची आणि नवरात्रापासून देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत तोडणी चालायची. दोन पालथ्या घड्यांना बांबू बांधून त्यावर बसायचं आणि हातानं पाणी कापत वेलींमधून फिरायचं. तिच्याकडे पत्र्याची एक छोटी होडीही होती, तिला ती डोंगा म्हणायची.

पहिल्यांदा मी तिथं नमुना घ्यायला गेले तेव्हा पायरीवर वाकून बाटली भरत होते. मागून फूलबाईचा आवाज आला, "काय बाई, का भर रईं?"

"तालाब का पानी. जाँच के लिए."

"जो तालाब को नोंईं, जो तो सिड़ियन को पानी आय," ती म्हणाली. हे तळ्याचं नाही, पायऱ्यांचं पाणी आहे. "इतै लुगाईं उन्ना धोउतीं हैं. तालाब देखने है तो बीच में चलो."

बायका इथं कपडे धुतात, असं ती म्हणत होती. एमएस्सी झालेल्या मला ही गोष्ट अंगठेबहाद्दर बाईनं शिकवली. साडी खोचून मी डोंग्यात बसले. तेव्हापासून तेवीस वर्षं, प्रत्येक ऋतूत एकदा, फूलबाई मला तळ्याच्या मध्यावर न्यायची. मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बाटली भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायची, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. मग काठावर येऊन तिच्यासमोर त्यात दोन औषधं घालायची.

ही चाचणी तुम्हाला समजली पाहिजे. पाण्यात विरघळलेली हवा असते, मासे तीच घेतात. दोन औषधं घातली की बाटलीत गाळ तयार होतो. पाण्यात हवा असेल तर तो गाळ तपकिरी होतो, जितकी जास्त तितका गडद. हवा अजिबात नसेल तर पांढराच राहतो. बाकीचं मोजमाप प्रयोगशाळेत, पण हा रंग काठावरच दिसतो. फूलबाई दर वेळी मान पुढे करून बघायची आणि म्हणायची, "चाय बन गई." चहासारखा रंग आला की ती खूश. जाताना पदरात शिंगाडे बांधून द्यायची. मी पैसे देऊन विकत घेतले तर तराजूत बरोबर मापायची, आणि मग वरून एक ओंजळ. प्रत्येक वेळी, न चुकता. "जो ऊपर को," म्हणायची.

आसपास वस्ती वाढली तसं तळं बिघडलं. एका नव्या कॉलनीचं सांडपाणी दक्षिणेच्या कोपऱ्यातून आत यायला लागलं. चहा फिका होत चालला. मी दर वर्षी अहवालात लिहायची, "मध्यभाग, वेलींच्या उत्तरेस", आणि "दक्षिण कोपरा, नाल्याच्या तोंडाशी", दोन वेगळे आकडे. वाचणाऱ्याला कळावं की रोग कोणत्या बाजूनं येतोय. वाचणारं कोणी नव्हतं. मग लोक चिडले, मोर्चे निघाले, पेपरात फोटो आले आणि सरकारी योजना मंजूर झाली. मोठा फलक लागला, त्यावर भविष्यातलं तळं रंगवलेलं होतं. निळं पाणी, उंच कारंजं, काठानं पळणारी एक बाई आणि तिचा कुत्रा. खर्चाचा आकडा मी वाचून दाखवला तेव्हा फूलबाईनं मला विचारलं, "इत्ते में तो दूसरो तालाब खुद जातो, नईं बाई?"

पट्टा बंद झाला. साहेब लोकांनी तिला सांगितलं, दोनच हंगाम, मग तळं साफ करून परत देऊ. ती मला विचारायला घरी आली. मी चहा केला आणि म्हटलं, "चांगलंच होईल. नाला बंद होईल, पाणी सुधारेल." मला खरंच तसं वाटत होतं.

तळं उपसलं. यंत्रं उतरली. किती ट्रक माती निघाली त्यावर काम मोजलं जात होतं, त्यामुळे गाळ संपल्यावरही खोदणं थांबेना. गाळाच्या खाली चिकट काळी माती असते. शेकडो वर्षं बसत बसत तिचा थर होतो आणि तोच तळ्याचं बूड असतो. पाणी तो धरून ठेवतो, वेलीची मुळंही तोच धरतो. फूलबाई रोज काठावर जाऊन ओरडायची, "भैया, करिया माटी मत उठाओ!" यंत्रावरचा माणूस कानात इअरफोन घालून गाणी ऐकत असायचा. ती माती कोणाच्या तरी प्लॉटमध्ये भरावाला गेली. मग भोवती दगडी भिंत बांधली आणि वर फिरण्याचा रस्ता केला. टेकडीवरचं पावसाचं पाणी जिथून यायचं ते ओघळ त्या रस्त्याखाली गाडले गेले. सांडपाण्याच्या नाल्याला मात्र फरशीखालून छान पाइप घालून दिला, दिसू नये म्हणून. म्हणजे चांगल्या पाण्याला दार बंद आणि घाणीला झाकलेलं दार. हे काही मी नंतर शोधून काढलं नाही. जाता-येता मला दिसत होतं. पण ते बांधकामाचं होतं, माझं खातं पाण्याचं. मी नेमकेपणाची माणूस, दुसऱ्याच्या रकान्यात लिहीत नसते.

मग माझा रकाना आला.

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. उद्घाटन ठरलेलं होतं आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदांत प्रयोगशाळेचा अहवाल लागत होता. कामावरचा उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, एक गोड बोलणारा तरुण माणूस, मला न्यायला जीप घेऊन आला. सकाळचे दहा वाजले होते, ऊन तापलं होतं. नव्या घाटाच्या पायऱ्या धुतल्यासारख्या ओल्या होत्या. बाजूला एक पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या रबरी नळीतून थेंब गळत होते. तिसऱ्या पायरीवर पिवळ्या रंगानं वर्तुळ काढलं होतं आणि आत लिहिलं होतं, "नमूना स्थल".

"होडी?" मी विचारलं.

"मैडम, नाव नहीं डाल सकते. फव्वारे के तार हैं, करंट का ख़तरा है. आपके लिए यहाँ पेंट करवा दिया, घुटने भी तो दुखते होंगे."

गुडघे दुखत होतेच. रेलिंगच्या पलीकडून फूलबाई पाहत होती. आत यायला तिला चौकीदारानं मनाई केली होती.

"बाई, बीच में नईं चलहो?"

"आता होडी नाही ना, फूलबाई." मी घाईत मराठीतच बोलले. तिला कळलं.

"तो फिर बोतल मत भरो," ती म्हणाली.

मी बाटली भरली. औषधं घातली. सुरेख गडद तपकिरी गाळ बसला. टँकरमधून धो धो पडलेल्या पाण्यात हवा नसेल तर कशात असेल? मी फूलबाईला बाटली दाखवली नाही.

प्रयोगशाळेत मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, कबीर. कितीतरी दिवस मी याच वाक्याच्या आडोशाला बसले होते, म्हणून सांगते. आकडे आले ते मी लिहिले. मग "नमूने का ठीक स्थान" हा रकाना आला. उपयंत्री समोर बसला होता. "मैडम, बस कजलीताल लिख दीजिए. सीढ़ी-वीढ़ी लिखेंगे तो ऊपर वाले सौ सवाल पूछेंगे, उद्घाटन रुक जाएगा. आपके भी तो काग़ज़ चल रहे हैं." पेन्शनचे कागद. तो धमकी देत नव्हता. तेवढा धीर त्याच्यात नव्हता. तो फक्त आठवण करून देत होता.

मी मोठ्या रकान्यात एकच शब्द लिहिला. कजलीताल. बाकीचा रकाना मोकळा राहिला. खाली सही केली.

घरी आल्यावर आजोबांना सांगितलं. ते फॅक्टरीत गुणवत्ता तपासणीत होते, त्यांनाही ठप्पे आणि सह्या ठाऊक. म्हणाले, "काहून सही केलीस मग?"

"आकडे खरे होते."

"हं," ते म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

उद्घाटन झालं. कारंजं उडालं, दिवे लागले, आम्हीही फिरायला गेलो. मग उन्हाळा आला आणि पाणी दिवसेंदिवस खाली जायला लागलं, बुडाला भोक पडलेल्या पातेल्यासारखं. उरलेल्यात झाकलेल्या पाइपातून घाण येत राहिली. टेकडीवरचा पाऊस रस्त्यावरून वाहून भलतीकडे गेला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ते तुम्ही पाहिलंत तसं हिरवं झालं. फूलबाईनं न विचारता एका कोपऱ्यात थोडी वेल लावून पाहिली. मुळांना धरायला माती नव्हती, आठवड्यात पिवळी पडून तरंगायला लागली. मग तिनं रीतसर अर्ज दिला. नाला बंद करा, काळी माती परत टाका, पट्टा द्या.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीच्या शाळेच्या पटांगणात सभा झाली. साहेब लोक खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. लोक संतापलेले होते. आमच्या गल्लीतले तिवारीजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, उठून म्हणाले, "साहब, बदबू पहले भी आती थी. पर तब मुफ़्त आती थी. अब हमारे टैक्स से मँगवाई है." पटांगण हसलं. एका बाईनं दूध आणायच्या किटलीतून हिरवं पाणी आणून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "लीजिए, नाश्ता."

फूलबाई फाटकाजवळ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "हमाई दरखास को का भओ?" माझ्या अर्जाचं काय झालं?

साहेबांनी फाइल उघडली. "देखिए, काम पूरा होने पर तालाब का पानी मानक के अनुसार था. प्रयोगशाला की रिपोर्ट है, प्रभारी मैडम के हस्ताक्षर हैं. बाद में जनता कचरा डाले तो विभाग क्या करे? नाला बंद करने या मिट्टी डालने का कोई आधार नहीं बनता." आणि त्यांनी माझं नाव वाचलं. पूर्ण, वडिलांच्या आडनावासकट.

कुंदाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. "अगं," त्या कुजबुजल्या, "तुझंच नाव घेऊन राहिले ना ते?"

"हो."

"मग ऊठ ना. सांग ना काहीतरी."

मी उठले नाही. गुडघे दुखतात असं त्यांना सांगितलं. फूलबाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं पाहिलं असतं तर मी उठले असते, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं तर मला उठायला तिची गरज नव्हती.

चार दिवसांनी मी माझ्या जुन्या सहकारिणीकडून दोन औषधं आणि एक बाटली मागून आणली आणि सकाळी सहाला तळ्यावर गेले. कारंज्याची वीज केव्हाच तोडली होती, चौकीदारही नव्हता. फूलबाई तिच्या झोपडीबाहेर भाजी निवडत होती. मी बाटली पुढे केली. ती भाजी बाजूला ठेवून उठली. घडे घेऊन पाण्यात उतरली, मध्यावर गेली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पाण्याखालीच बूच लावलं. तेवीस वर्षं माझं पाहून तिला सगळं पाठ होतं. परत येऊन बाटली माझ्या हातात दिली. मी तिच्यासमोर दोन्ही औषधं घातली आणि आम्ही दोघी बघत राहिलो.

गाळ पांढरा बसला. पांढराच राहिला.

"दूध बन गओ," ती म्हणाली. "माने मर गओ?"

"हो."

"जा बात हमें पैलें सें मालूम हती, बाई," ती हात पुसत म्हणाली. "तुमाई बोतल खों आज मालूम परी."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. तारीख आणि अहवालाचा क्रमांक घालून लिहिलं की त्या अहवालातलं ठिकाण अपुरं होतं. नमुना नव्या घाटाच्या तिसऱ्या पायरीवरून घेतला होता. तेव्हा पायऱ्या ओल्या होत्या आणि शेजारी पाण्याचा टँकर उभा होता. त्या आकड्यांवरून तळ्याबद्दल काहीही ठरवू नये. ठिकाण अपुरं लिहिण्याची जबाबदारी माझी एकटीची. खिडकीवरच्या बाबूनं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मैडम जी, आप तो रिटायर हो गईं. अब काहे को?" मी म्हटलं, पोच द्या. त्यानं शिक्का मारला.

तुम्हाला वाटेल, आता सगळं बरं झालं असेल. मलाही तशी आशा होती. पावसाळ्यानंतर तळ्यावर नवीन फलक लागला. पुन्हा सफाईची योजना, आधीपेक्षा मोठी. यात माती परत टाकण्याचा उल्लेख नाही, नाल्याचाही नाही. आणखी खोल खोदायचं आहे आणि दोन कारंजी आहेत. ओळखीच्या एका बाबूनं सांगितलं की नव्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर माझं पत्र लावलं आहे, नव्यानं काम काढायला आधार म्हणून. फूलबाईच्या अर्जावर उत्तर आलं, काम पूर्ण झाल्यावर विचार करू.

मी पुन्हा पत्र दिलं आहे. यावेळी मातीबद्दल, ओघळांबद्दल आणि झाकलेल्या पाइपाबद्दल, नकाशा काढून, प्रत्येक जागा पावलांनी मोजून. तिवारीजी आणि किटलीवाल्या बाईंनीही त्यावर सह्या केल्या. पोच मिळाली आहे. वयाच्या या टप्प्यावर मी दुसऱ्याच्या रकान्यात लिहायला शिकले. तळ्याच्या दृष्टीनं तीन वर्षं उशिरा.

तर कबीर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे पुष्कळ लोकांनी मिळून केलं. माती उचलणाऱ्यांनी, ओघळ बुजवणाऱ्यांनी, पैसे मंजूर करणाऱ्यांनी. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, असली तरी त्यांचं त्यांनी लिहावं. ज्या कागदावर हे सगळं बरोबर आहे असं लिहिलं होतं, त्यावर सही तुझ्या आजीची होती. आवाज तुटत नव्हता.

फूलबाई आता रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसते. पहाटेच्या बसनं मझौलीकडच्या तळ्यांतले शिंगाडे विकत आणते. परवा मी गेले. आम्ही बोलतो, अगदी नीट बोलतो. माझे गुडघे कसे आहेत ते तिनं विचारलं. तुम्ही दोघं किती मोठे झालात तेही विचारलं. एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "कजलीताल के हैं?" लोक अजून त्या नावानं मागतात, गोड असायचे म्हणून. हो म्हणाली असती तर दोन पैसे जास्त मिळाले असते. ती म्हणाली, "नईं भैया. मझौली के आंय." माझ्यासमोर म्हणाली, पण मला ऐकवायला नाही. ती नेहमीच तसं सांगते.

मग तिनं माझे शिंगाडे तोलले. काटा बरोबर मध्यावर आला. सवयीनं मी पिशवी क्षणभर तशीच उघडी धरून ठेवली. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

ते शिंगाडे मी वाळवले, दळून आणले. एकादशीच्या शिऱ्यासाठी तुमच्या आईला दरवर्षी पाठवते तसा डबा याही वर्षी निघाला आहे. झाकणावर चिठ्ठी आहे, ती फाडून टाकू नका. तिच्यावर लिहिलं आहे: शिंगाड्याचं पीठ. मझौलीकडच्या तळ्यातलं. विक्री फूलबाई, मदन महालच्या रस्त्यावर, पिंपळाच्या डाव्या हाताला. कजलीतालचं नाही.

तुमची,
आजी